मोटरीतलं प्रस्थान

इरलं दाराशी उपडं टाकून तुळसा आत आली आणि ओटीवर बसलेल्या हरिहर मास्तरांना पाहून जागीच थबकली. मिरजोळ्याहून ती भर पावसात चालत आली होती. पायांना गुडघ्यापर्यंत तांबडा चिखल होता.

"मास्तर, तुमी पन हितंच हाव? बरा झाला. तुमच्या तोंडावरच सांगते. माज्या घोवानं मोटर भिजू दिली नाय."

हरिहर मास्तरांनी मान फिरवली. कालपासून त्यांना कोणाचंच तोंड बघवत नव्हतं, आणि केरूच्या बायकोचं तर मुळीच नाही.

तुळसानं पदराखालून पावसाळी काकडीचं एक लांबलचक तवसं काढलं आणि घरमालकापुढे ठेवलं. "ह्याच्याबिगर देन्यासारखा काय नाय माज्याकडं."

परशुराम नागवेकरांनी तवसं उचलून वास घेतला. "फी पोचली," ते म्हणाले. "आता बस, आणि रडायचं नंतर. आधी सांग."

नागवेकर वीस वर्षं मुंबईच्या गोदीवर जकात खात्यात होते. पेटीवर नुसता हात ठेवून आत काय लपवलंय ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती. म्हाताऱ्या आईसाठी रत्नागिरीला परतले, आई गेली, हे राहिले. आता लोकांचं हरवलेलं-चोरलेलं खासगीत शोधून देत. संध्याकाळी गप्पांना हरिहर पाध्ये मास्तर ठरलेले. मास्तरांना डोंगरावरची शंभर पावलांवरची वेल ओळखू यायची, पण समोर बसलेला माणूस वाचता यायचा नाही. नागवेकर त्यांना तसं तोंडावर म्हणायचे आणि मास्तर हसायचे. आज मात्र हसण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

तुळसाचा नवरा केरू हा रघुवीर शेट्यांच्या मोटरीचा ड्रायव्हर. शनिवारी सकाळी मोटर आतून चिंब भिजलेली सापडली. शेट्यांनी त्याला त्याच पावली कामावरून काढलं. उद्या, सोमवारी, फौजदाराला चिठ्ठी पाठवून त्याचं लायसन काढून घ्यायला लावणार होते.

"लायसन गेला तर त्येनं करायचा काय? कालपासून अन्नाला शिवला नाय. नुसता बोलतो, मी पडदा लावला व्हता, मी पडदा लावला व्हता."

"तुझ्या नवऱ्याचं लायसन गेलं," मास्तर एकदम बोलले, "माझी सोळा वर्षं गेली, बाई!"

आणि त्यांना हुंदका आवरला नाही.

सोळा वर्षं हे खरंच होतं. कोंकणातल्या झाडाझुडपांवर मास्तरांनी सहाशे पानांचा ग्रंथ लिहिला होता. प्रत्येक पानाफुलाचं चित्र स्वतः काढलेलं. दुसरी प्रत नव्हती. पुण्याची एक संस्था तो छापायला तयार झाली होती आणि ग्रंथकर्त्याला शेतकीच्या सल्लागार मंडळावर घेणार होती. मास्तरांचं इंग्रजी बेताचं, म्हणून संस्थेशी पत्रव्यवहार सगळा रघुवीर करायचा. रघुवीर म्हणजे त्यांचा बालमित्र. एका बाकावर बसलेले, एका विहिरीत पोहायला शिकलेले. एक आंबेवाला बागाईतदार झाला, दुसरा मराठी शाळेचा मास्तर, तरी 'अरे-तुरे' सुटलं नव्हतं. गेली आठ वर्षं झाडं हुडकायला मास्तर हिंडले ते रघुवीरच्याच मोटरीतून.

"शनिवारी निघायचं होतं," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "पालीवरून कोल्हापूर, पुढे आगगाडी. मंगळवारी संस्थेची बैठक. पण शनिवारी पूर्वेला दिशाशूल. मग रघूच म्हणाला, गुरुवारी प्रस्थान ठेव."

प्रस्थान म्हणजे निघण्याचा दिवस वाईट असेल तर चांगल्या दिवशी आपलं काहीतरी सामान घराबाहेर नेऊन ठेवायचं. तेवढ्यानं प्रवासाला निघालो असं मानायचं. एकदा ठेवलं की ते घरात परत आणायचं नाही, उघडायचंही नाही.

"म्हणजे ग्रंथाची पिशवी गुरुवारी सकाळीच मोटरीत गेली."

"मागच्या सीटवर, उजवीकडे. मी मेणकापडात गुंडाळून नेली होती. रघूनं ते काढायला लावलं. म्हणाला, 'अरे, माझ्या टपातून थेंब गळत नाही. मेणकापड बघून केरूचा अपमान होईल.' म्हणून नुसत्या तांबड्या सालूच्या बासनात ठेवली. बघा! त्या केरूचा मान राखायला गेलो, आणि त्यानं पश्चिमेचा पडदाच उघडा टाकला. शनिवारी सकाळी बघतो तर कागदाचा नुसता चोथा!"

"पानं उलगडून बघितलीत?"

"रघूनं बघू दिलं नाही. म्हणाला, 'मेलेल्याचं तोंड किती बघशील? जीव जाईल तुझा.' त्यानंच तो चोथा भाट्याच्या खाडीवर नेऊन सोडला. अस्थी सोडतात तसा. माझ्यानं ते झालं नसतं हो. रघू होता म्हणून मी उभा राहिलो."

नागवेकरांनी उठून छत्री घेतली.

"चला, मास्तर. मोटर बघू. तुळसा, तुझ्या नवऱ्याला शेट्यांच्या बागेशी बोलाव."

शेट्यांची बाग टेकाडावर, समुद्राकडे तोंड करून होती. घरामागे मांगर आणि मांगरात मोटर. उघडी, कापडी टपाची, अमेरिकन बनावटीची. आठ वर्षांपूर्वी रघुवीरनं ती चक्क अमावास्येला घरी आणली होती. गावानं तोंडात बोटं घातली, तेव्हा त्यानं गड्यांना पेढे वाटून सांगितलं होतं की पेट्रोलला पंचांग कळत नाही.

असली मोटर कोंकणच्या पावसाळ्यात कोरडी ठेवणं म्हणजे ओल्या अंगानं पीठ चाळण्यातला प्रकार. पण केरूनं ते आठ वर्षं करून दाखवलं होतं. आत्ताही तो मांगराच्या बाहेर पागोळ्यांखाली उभा राहिला. बोलावल्याशिवाय तो आत आला नाही. मास्तरांकडे त्यानं बघितलं नाही.

"मोटर कोरडी कशी ठेवतोस?" नागवेकरांनी विचारलं.

त्या प्रश्नानं केरूच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. "जेष्ठात टपाला उंडीचा तेल नि मेण चोळतो, साहेब. होडीला लावतात तसा. पानी नुसता घरंगळतो. बाजूचे पडदे रोज सांजचे बटनं लावून बंद. वला टप कदी दुमडायचा नाय, न्हायतर बुरशी धरते. नि पश्चिमेच्या अंगाला, पडद्याच्या खाली, कोळशाची टोपली ठेवायची. वल वडून घेते."

"पश्चिमेलाच का?"

"पाऊस तिकडनंच येतो ना. सगळी झड समुद्रावरनं."

मांगराला तीन बाजूंनी चिरेबंदी भिंती होत्या. पश्चिमेची बाजू तेवढी उघडी, तिथे माडाच्या झापांचा आडोसा. मोटरीचं नाक उत्तरेला, म्हणजे डावी बाजू पश्चिमेला.

"शुक्रवारी काय झालं?"

"दुपारी मालकांनी पावस गावाला पाठवला, चिठ्ठी द्यायला. दिवस मावळताना आलो. पडदे तपासले. पिशवी हातानं चाचपली, कोरडी ठणठणीत. टोपलीत नवा कोळसा भरला. शनिवारी पहाटे मालकांनी हाक मारली तर हा पडदा उघडा, नि सीट चिंब."

"आणि कोळसा?"

केरूनं मान वर केली. "कोरडा व्हता, साहेब. मी हातात घेऊन बघितला. मालकांना बोल्लो पन. कोन आयकतो?"

"खोटं बोलतोय," मास्तर पुटपुटले. "आता काय वाट्टेल ते सांगेल."

नागवेकरांनी टोपलीतला कोळशाचा तुकडा उचलून धोतरावर ओढला. कोरडी भुकटी पडली. मग ते पायरीवर चढून मागच्या सीटवर वाकले. रघुवीरच्या बायकोनं सीटांना पांढऱ्या मांजरपाटाच्या खोळी शिवल्या होत्या. डाव्या बाजूची खोळ स्वच्छ होती. उजवीकडची अजून ओली, आणि तिच्यावर मोठा निळा डाग पसरलेला.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, हा डाग नव्हे, सोळा वर्षांचं रक्त आहे.

"हे बघा," नागवेकर म्हणाले. सीटच्या शिवणीतून त्यांनी काडीनं काहीतरी काळं काढलं. मिरीएवढं डोकं आणि बारीक शेपटी. "बेडकाचं पिल्लू. मेलेलं."

"श्रावणात बेडकांना काय तोटा?"

"तोटा नाही खरा." त्यांनी ते काड्यापेटीत ठेवलं. "मास्तर, तुमच्या खिशात तुमच्या हातचं काही लिहिलेलं आहे?"

मास्तरांनी एक चिठोरी काढून दिली. शाळेच्या वाटेवर दिसलेल्या एका गवताचं टिपण होतं.

"शाई घरचीच अजून?"

"वडिलांची कृती. लाख, काजळ आणि टाकणखार. विकतची शाई आपल्या दमट हवेत फुटते, अक्षरं पसरतात. का हो?"

"सहज," नागवेकर म्हणाले आणि चिठोरी खिशात घातली.

मांगरामागे गोठा होता. गोठ्याबाहेर गुरांना पाणी पाजायची दगडी डोण, पावसानं काठोकाठ भरलेली. पाण्यात शेपटीवाली काळी पिल्लं नुसती वळवळत होती. घरकाम करणारी सखू गायीपुढे गवत टाकत होती. तिचे डोळे लालबुंद.

"रडलीस की काय?"

"रडतंय कशाला? धूर! वली लाकडा जाळायची म्हंजे काय! चुलीवरच्या उतवावर लाकडा वाळवायची तर कालच्या सकाळधरनं मालकांचा हुकूम, उतवाला हात लावायचा नाय. का, तर म्हनं मोडलाय. मोडलाबिडला काय नाय. माज्या डोळ्यांचा मात्र वाटोळा झाला." गायीच्या पाठीवर थाप मारून ती पुढे म्हणाली, "नि ही पन एक. शुक्रवारी सांजची डोणीला तोंड लावीना. दुसरा पानी आनून पाजला तवा प्यायली. इकडं सगळ्यांचीच डोकी फिरली हायत."

मास्तरांना ह्या गाऱ्हाण्यात काही अर्थ दिसेना. नागवेकर मात्र सखूला विचारत होते की उतवावर, म्हणजे चुलीच्या वर टांगलेल्या त्या माळ्यावर, एरवी काय काय ठेवता, आणि ती सांगत होती, आमसुलं, लाकडं, बियाणं, पावसाळ्यात घरातली तेवढीच एक कोरडी जागा.

परतताना फाटकाशी काशीराम भेटला. शेट्यांच्या बायकोचा भाऊ. त्यानं यंदा रत्नागिरी-कोल्हापूर बस सुरू केली होती. पाऊस असो, दरड पडो, उशिरा का होईना, काशीरामची बस पोचायचीच.

"केरूला तीनदा बोलावलंत म्हणे बसवर?" नागवेकरांनी सरळ विचारलं.

काशीराम हसला. "चारदा. त्याच्यासारखा हात आख्ख्या जिल्ह्यात नाही. पण तो भावोजींना सोडीना. आता बघू, येईल."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी नागवेकरांचा दंड दाबला. केरू सुटला की फायदा कोणाचा? ह्याचाच!

"तुम्ही शुक्रवारी रात्री इथेच होतात?"

"नाही हो, बस घेऊन पालीला मुक्काम. पुलावरून पाणी जात होतं. काल दुपारी आलो. आणि उद्या सकाळी परत निघायचंय. भावोजींनी पुढची जागा राखून ठेवल्येय."

"रघुवीर कुठे निघाला?" मास्तरांनी विचारलं.

"पुण्याला. तुमच्यासाठीच ना? संस्थेला तोंडी सगळं सांगून माफी मागणार म्हणाले."

मास्तरांचे डोळे पुन्हा भरून आले. ह्या असल्या पावसात, आपल्यासाठी! मित्र असावा तर असा. नागवेकर त्यांच्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात थट्टा नव्हती. मास्तरांना ते चमत्कारिक वाटलं.

"मास्तर," नागवेकर हलकेच म्हणाले, "तुम्ही घरी जा. बाकीचं मी बघतो."

"का? मी येणार. रघूला सांगू या, काशीरामचं काम आहे म्हणून."

"बरं तर. चला."

पडवीत रघुवीर शेट्ये आरामखुर्चीत बसले होते. गोरेपान, रुबाबदार, कपाळावर आठी. मास्तरांना बघताच ते उठले आणि खांद्यावर हात टाकून त्यांना जवळ बसवलं. नागवेकरांनी काशीराम, सखू, केरू आणि तुळसा, सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. केरू पायरीच्या खालीच उभा राहिला.

"नागवेकर, ह्या केरूची वकिली घेतलीत म्हणे," रघुवीर म्हणाले. "घ्या. पण माझ्या मित्राचं जे गेलं ते तुम्ही आणून देणार आहात का?"

"प्रयत्न करतो," नागवेकर म्हणाले. "सखू, एक तांब्या पाणी आण. चांगलं, विहिरीचं."

ते उभ्याउभ्याच बोलू लागले. आवाज शांत होता.

"आधी पाऊस. आपल्याकडे झड येते समुद्रावरून, पश्चिमेकडून. पडदा उघडा सापडला तो पश्चिमेचा. बरोबर. मग त्या पडद्याला लागून असलेली डावी सीट कोरडी का? पडद्याखालचा कोळसा कोरडा का? मी आत्ता बघितला, अजून कोरडा आहे. उजवी सीट तेवढी भिजली. म्हणजे पावसानं डावी सीट ओलांडून, नेमकी पिशवी हुडकून तिच्यावर उडी मारली. असा पाऊस मी बघितलेला नाही. पडदा उघडला तो फक्त दाखवायला. पाणी माणसानं ओतलं."

"कोणी?" काशीराम म्हणाला.

"थांबा. कुठलं पाणी ते आधी." त्यांनी काड्यापेटी उघडली. "सीटच्या शिवणीत हे सापडलं. बेडकाचं पिल्लू आभाळातून पडत नाही. ते साठलेल्या पाण्यातून येतं. अशी पिल्लं मांगरामागच्या डोणीत आहेत. शुक्रवारी संध्याकाळी गाय त्या डोणीचं पाणी पिईना. का? तर दुपारभर त्यात काहीतरी भिजत पडलं होतं, ज्याचा वास गायीला नको होता. केरू दुपारी पावसला धाडलेला. परतल्यावर त्यानं पिशवी चाचपली ती कोरडीच. म्हणजे डोणीत भिजत होतं ते दुसरंच काहीतरी."

रघुवीर हसले. "गायीची साक्ष काढलीत?"

"गाय कोणाची लाच घेत नाही." नागवेकरांनी खिशातून मास्तरांची चिठोरी काढली. "आता खोळीवरचा डाग. निळा आहे. सगळ्यांनी बघितला. मास्तर, तुम्हीसुद्धा."

मास्तरांनी मान हलवली.

नागवेकरांनी चिठोरी तांब्यात बुडवली, बोटानं खळखळ हलवली आणि बाहेर काढली. कागद लिबलिबीत झाला होता. अक्षरं जशीच्या तशी होती, काळीभोर. पाणी स्वच्छ होतं.

"लाखेची शाई," ते म्हणाले. "वाळली की पाण्याला दाद देत नाही. पोथ्या तिनंच लिहायचे. विकतची शाई कागदावर काळी दिसते, पण भिजली की निळी होऊन वाहते. मास्तरांच्या ग्रंथातला एकही शब्द विकतच्या शाईत नाही. मग सीटवर निळं काय वाहिलं?"

नागवेकरांनी ओली चिठोरी तांब्याच्या काठावर ठेवली.

"जो चोथा झाला तो मास्तरांचा ग्रंथ नव्हताच. रद्दीवर विकतच्या शाईनं रेघोट्या मारल्या, डोणीत भिजवून लगदा केला आणि शनिवारी पहाटे तांबड्या बासनात घालून सीटवर ठेवला. वर डोणीचीच घागर ओतली. खरा ग्रंथ काढून घेतला."

"काशीराम!" मास्तर ओरडले. "केरूसाठी..."

"नाही, मास्तर." नागवेकरांनी त्यांच्याकडे बघितलं. "काशीरामला केरू हवा होता. त्याला नुसती घागर ओतून भागलं असतं, ग्रंथ चोरायचं कारण नव्हतं. शिवाय तो पालीला अडकलेला. ज्याला ग्रंथ हवा होता, त्यालाच लगद्याची गरज. आता विचार करा. जो मनुष्य अमावास्येला मोटर घरी आणतो, त्याला अचानक दिशाशूल कसं आठवलं? प्रस्थान ठेवायला कोणी सांगितलं? कारण प्रस्थान ठेवलं की तुम्ही पिशवी दोन दिवस उघडणार नाही, घरी नेणार नाही. मेणकापड कोणी काढायला लावलं? कारण मेणकापडात कागदाचा चोथा होत नाही. चोथा कोणी बघू दिला नाही? खाडीत कोणी सोडला? पुण्याची सगळी पत्रं कोणाच्या नावाची? आणि ग्रंथ बुडाल्यावरही पुण्याला उद्या कोण निघालंय?"

मास्तरांच्या खांद्यावर अजून रघुवीरचा हात होता. तो आता जड लागत होता. मास्तरांनी तो काढला नाही. तो आपणहून निघेल, रघू हसेल, म्हणेल की काय हा नागवेकरांचा वेडेपणा, ह्याची ते वाट बघत राहिले.

हात निघाला. रघू हसला नाही.

"सखू," नागवेकर म्हणाले, "उतव मोडलेला नाही म्हणालीस ना? जा, चढून बघ. पावसाळ्यात कागद ठेवायला तेवढी एकच जागा कोरडी."

सखू आत गेली. परतली तेव्हा तिच्या हातात जुन्या धोतरात गुंडाळलेला गठ्ठा होता. मास्तरांनी तो न उघडताच ओळखला. आईनं लेकरू ओळखावं तसा. त्यांनी छातीशी धरला. त्याला धुराचा आणि आमसुलांचा वास येत होता.

"रघू," ते म्हणाले, "तू मागितला असतास तर..."

"तर काय?" रघुवीर एकदम उसळले. "दिला असतास? मोटर माझी. पेट्रोल माझं. तू पानं तोडत बसायचास आणि मी उन्हात तासन् तास थांबायचो. पत्रं मी लिहिली, भाषा माझी, ओळखी माझ्या. मंडळावर मात्र तू! तुला पुण्यात कोण ओळखतं रे? तिकडे सगळे मलाच ग्रंथकर्ता समजत होते. मी फक्त त्यांचा समज मोडला नाही."

"आणि केरू?" नागवेकरांनी विचारलं.

"त्याला काशीरामनं घेतलाच असता की बसवर."

"लायसन काढून घेतल्यावर?"

कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि वर राखणदाराला चोर ठरवून मोकळं झालं होतं.

गठ्ठ्याच्या वर एक सुटा कागद होता. नव्या, निळसर-काळ्या शाईत, रघुवीरच्या घोटीव अक्षरात. ग्रंथाचं नाव. खाली 'कर्ते रघुवीर शेट्ये'. आणि त्याखाली अर्पणपत्रिका: 'माझा बालमित्र हरिहर पाध्ये यास, ज्याच्या सोबतीनं हे डोंगर पाहिले.'

मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली. चोरी त्यांना सोसली असती. पण गळा केसानं कापताना ह्याला आपली आठवण झाली होती, आणि ती खरी होती. हे काही त्यांना सोसेना. तो कागद त्यांनी आरामखुर्चीच्या हातावर ठेवला आणि ते पायऱ्या उतरले. रघुवीरनं "हऱ्या" म्हणून हाक मारली. त्यांनी मागे बघितलं नाही.

केरू आधीच फाटकाशी जाऊन उभा राहिला होता. काशीराम त्याला सांगत होता की उद्याची बस तूच ने, मास्तरांना कोल्हापूरला आगगाडी गाठून दे, परवाच्या बैठकीला पोचतील. केरूनं मान हलवली.

मास्तर त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. गठ्ठा दोन्ही हातांत, त्यामुळे हात जोडता येईनात. काल सकाळी ह्याच फाटकाशी त्यांनी केरूला चारचौघांत 'निमकहराम' म्हटलं होतं.

"केरू, चुकलो रे. रघूवर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर..."

केरूनं खांद्यावरची घोंगडी काढली आणि ग्रंथ भिजू नये म्हणून गठ्ठ्यावर नीट पांघरली. चारी बाजूंनी, कडा आत दुमडून, मोटरीच्या पडद्यासारखी.

"मालकांचा सोडा," तो म्हणाला. "त्येंना ग्रंथ पायजे व्हता. पन मास्तर, आठ वर्सा तुमी माज्या गाडीत बसलाव. येका थेंबानं कदी भिजलाव नाय. तुमी तरी माला येकदा इचारायचा व्हता."

तुळसानं इरलं डोक्यावर घेतलं आणि ती पुढे चालू लागली. केरू तिच्या मागे, उघड्या अंगानं, पावसात.